अपॉस्टिल की अटेस्टेशन? आधी देश विचारा, मग शिक्का

गेल्या पावसाळ्यात मावसबहिणीचा लग्नाचा दाखला हातात घेऊन बसले होते. नमुना 'ई', खाली विवाह निबंधकांची सही, गोल शिक्का आणि पाठीमागे एक चौकोनी स्टिकर. एजंटनं तिला सांगितलं होतं, "ताई, अपॉस्टिल झालंय. आता कुठंही चालेल." तिचा नवरा दुबईत, आणि संयुक्त अरब अमिराती अपॉस्टिलच्या करारात नाही. तिला हवं होतं अटेस्टेशन. निबंधक कार्यालयातून नवी प्रत काढून सगळं पहिल्यापासून करावं लागलं.

हे दोन शब्द आपल्याकडे सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. दोन्हींचं काम एकच: इथल्या अधिकाऱ्याची सही खरी आहे, हे परक्या देशाला पटवून देणं. ते पटवायचं कसं, इथं मात्र फरक आहे.

जुनी पद्धत साखळीची. मुंबई-पुण्याच्या निबंधकाची सही अबू धाबीत कोण ओळखणार? म्हणून ती सही राज्य शासन ओळखतं, राज्याच्या अधिकाऱ्याची सही दिल्लीचं परराष्ट्र मंत्रालय ओळखतं, आणि परराष्ट्र मंत्रालयाची सही ज्या देशात जायचं त्याचा भारतातला दूतावास ओळखतो. अमिरातींसाठी तिथं पोहोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र मंत्रालयाचा आणखी एक शिक्का लागतो. कुवेत, कतार यांची वाटही अशीच दूतावासातून जाते. ही सगळी साखळी म्हणजे अटेस्टेशन.

ती तोडण्यासाठी 5 ऑक्टोबर 1961 रोजी हेगमध्ये करार झाला. करारातल्या देशांनी ठरवलं की एकमेकांचं एकच ठरावीक प्रमाणपत्र मानायचं, दूतावासाला मध्ये आणायचं नाही. ते प्रमाणपत्र म्हणजे अपॉस्टिल. भारतात हा करार 14 जुलै 2005 पासून लागू आहे. स्टिकर नीट पाहिलात तर त्यावर कराराचं नाव फ्रेंचमध्ये असतं आणि खाली क्रमांक घातलेले दहा रकाने: देश, सही कोणाची, कोणत्या नात्यानं केली, शिक्का कोणाचा, कुठं, कधी, कोणी दिलं, क्रमांक, शिक्का, सही. त्यातला आठवा रकाना जपून ठेवा. अपॉस्टिल देणाऱ्या कार्यालयाला प्रत्येक क्रमांकाची नोंद ठेवावीच लागते, आणि समोरच्याला शंका आली तर तो त्या नोंदीवरून खातरजमा करू शकतो.

आपल्याकडे गोंधळ होतो, कारण दोन्ही वाटा बराच वेळ एकत्रच चालतात. जन्माचा किंवा लग्नाचा दाखला आधी राज्याकडे, म्हणजे महाराष्ट्रात मंत्रालयात. मग परराष्ट्र मंत्रालयाकडे. तिथं आपण स्वतः कागद घेऊन जाऊ शकत नाही, नेमलेल्या एजन्सीमार्फतच तो द्यावा लागतो. फाटा फुटतो तो इथं. अपॉस्टिलला सरकारी शुल्क दर कागदामागे 50 रुपये, साध्या अटेस्टेशनला काहीच नाही. एजन्सीचं शुल्क वेगळं. फॉर्मवर देशाचं नाव लिहिताना चूक झाली, तर पुढचं सगळं चुकतं.

त्यात करारातल्या देशांची यादी बदलत राहते. सौदी अरेबियात करार 7 डिसेंबर 2022 पासून लागू झाला, कॅनडात 11 जानेवारी 2024 पासून. त्याआधी गेलेल्या मित्राचा अनुभव तुमच्या कामाचा नाही. आणि यादीत नाव असणंही पुरेसं नसतं. जर्मनी करारात आहे, पण भारताच्या प्रवेशाला त्यानं आक्षेप नोंदवला. त्यामुळे भारतीय दाखल्यावरचं अपॉस्टिल तिथं मानत नाहीत. जर्मन कार्यालयानं मागणी केली की त्यांची इथली वकिलात त्या दाखल्याची स्वतंत्र पडताळणी करवून घेते. नोकरीसाठी तिकडं जाणारी किती मराठी मुलं आहेत! त्यांना हे आधी कळायला हवं. याउलट पोर्तुगालला अपॉस्टिल चालतं, म्हणून लिस्बनमध्ये जन्मनोंद करू पाहणाऱ्या गोव्यातल्या कुटुंबांच्या तोंडी हा शब्द रोजचा आहे.

कधी कधी दोन्हीतलं काहीच लागत नाही. अमेरिकेत ग्रीन कार्डच्या अर्जाला जोडायच्या जन्मदाखल्यावर अपॉस्टिल मागत नाहीत. दाखला इंग्रजीत नसेल तर प्रमाणित भाषांतर मात्र लागतं. म्हणून कागद जिथं द्यायचा त्या कार्यालयाकडून लेखी विचारून घ्या, एजंटकडून नको. आणि नोटरीनं साक्षांकित केलेली झेरॉक्स म्हणजे या दोन्हींपैकी काहीही नाही.

मला सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं ते वेगळंच आहे. अपॉस्टिल असो वा अटेस्टेशन, दोन्ही फक्त सही आणि शिक्का खरा असल्याचं सांगतात. दाखल्यात लिहिलेलं बरोबर आहे की नाही, हे त्यात कोणीच बघत नाही. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतं, आडनाव बदलतं, मधलं नाव वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं. जन्मदाखल्यावरची 'सुनंदा विठ्ठल' आणि पासपोर्टवरची 'स्नेहा प्रकाश' एकच बाई आहे, हे परदेशातल्या कारकुनाला कोणतंही स्टिकर सांगत नाही. जुन्या जन्मदाखल्यांत तर बाळाच्या नावाची जागाच कोरी असते, कारण नोंद बारशाच्या आधी झालेली. ते नाव आधी नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत घालून घ्यावं लागतं. स्पेलिंगची दुरुस्तीही तिथंच. शिक्के मारून झाल्यावर चूक सापडली, तर नवा दाखला आणि नवे शिक्के.

आणि दाखला लॅमिनेट करू नका. प्लास्टिकवर शिक्का उठत नाही.

बहिणीच्या दुसऱ्या प्रतीवर मंत्रालयाची सही झाली, दिल्लीचा शिक्का लागला, अमिरातींच्या वकिलातीचा लागला. शेवटचा दुबईत लागला, तेव्हा तिनं दाखल्याच्या पाठीचा फोटो पाठवला. चार खुणांनी ती बाजू इतकी भरली होती की बोट ठेवायला जागा नव्हती.