गंधकयुक्त इंधनवायूचे भट्टीतील ज्वलन

तेलशुद्धीकरण कारखान्यात कच्च्या तेलावर प्रक्रिया होताना मिथेन, इथेन, हायड्रोजन असे हलके वायू निघतात. ते बहुधा तिथल्याच भट्ट्यांत इंधन म्हणून वापरतात. तेलातल्या गंधकाचा काही भाग हायड्रोजन सल्फाइडच्या रूपाने या वायूत येतो. अशा वायूला कारखान्यात ‘सावर गॅस’ म्हणतात. पोलाद कारखान्यातील कोक भट्ट्यांच्या वायूतही हायड्रोजन सल्फाइड असतो.

हा वायू उत्तम जळतो, उष्णताही देतो. म्हणून भट्टीपुढे उभ्या असलेल्या माणसाला काही बिघडते आहे असे वाटत नाही. नुकसान ज्योतीपासून दूर, धुराच्या वाटेवर होते. ३४ किलो हायड्रोजन सल्फाइड जळून ६४ किलो सल्फर डायऑक्साइड तयार होतो. त्यातला फार थोडा, शेकडा काही टक्के, भाग सल्फर ट्रायऑक्साइड बनतो. भट्टीत गरजेपेक्षा जास्त हवा सोडली तर हे प्रमाण वाढते. धुरातल्या वाफेशी त्याचा संयोग होऊन सल्फ्यूरिक अम्ल तयार होते. धुरातल्या वाफेचे पाणी साधारण ५०-६० अंश सेल्सिअसला होते, पण हे अम्ल १२० ते १५० अंशांनाच पत्र्यावर दवासारखे जमू लागते.

धूर जितका थंड करून सोडावा तितके इंधन वाचते. त्यासाठी धुराच्या वाटेवर हवा तापवणारा प्रीहीटर बसवतात, आणि अम्लाचा पहिला घाव त्याच्याच थंड टोकावर बसतो. इथे धुराचे नव्हे, पत्र्याचे तापमान महत्त्वाचे. तापमापक १७० अंश दाखवत असला, तरी पलीकडून गार हवा लागणारा पत्रा ११० अंशांवर असू शकतो. केवळ तापमापकावर विसंबणे ही इथली महागडी चूक आहे. दुरुस्तीसाठी प्रीहीटर उघडावा, तर पत्र्याचे पापुद्रे हाताने सुटतात.

भट्टी बंद असतानाही धोका टळत नाही. स्टेनलेस स्टीलच्या नळ्यांवर सल्फाइडचा थर असेल, तर हवा आणि ओल लागून पॉलिथायोनिक अम्ले बनतात आणि नळ्यांना बारीक तडे जातात. म्हणून नळ्या उघड्या पडण्याआधी त्या सोडा ॲशच्या, म्हणजे अम्ल मारणाऱ्या सोड्याच्या, द्रावणाने धुतात. नळातला आयर्न सल्फाइडचा गाळ तर कोरडा होऊन हवा लागताच आपोआप पेट घेतो. तो ओला ठेवूनच काढावा लागतो.

खरा इलाज जाळण्याआधीचा. अमाइन या हायड्रोजन सल्फाइड शोषून घेणाऱ्या रसायनाच्या द्रावणाने वायू धुऊन हायड्रोजन सल्फाइड वेगळा करतात आणि क्लाउस पद्धतीने त्यापासून गंधक मिळवतात. कार्ल फ्रीडरिख क्लाउस यांनी १८८३ मध्ये तिचे पेटंट घेतले. अमेरिकेत १९७३ नंतरच्या शुद्धीकरण भट्ट्यांसाठी दर घनमीटर कोरड्या इंधनवायूत २३० मिलिग्रॅम हायड्रोजन सल्फाइड ही मर्यादा घातली गेली.

मुंबई हायचे तेल कमी गंधकाचे आहे. आखाती तेल बहुधा जास्त गंधकाचे असते, आणि ते वापरणाऱ्या कारखान्यांत अमाइनचा हा टप्पा बंद पडला की परिणाम थेट धुराड्यावर दिसतो.

हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्यांचा वास येतो, पण हवेतले प्रमाण दशलक्षात सुमारे शंभर भागांवर गेले की नाक बधिर होते. वास थांबला म्हणजे गळती थांबली, असे मानून कोणीही पुढे जाऊ नये.