‘मार’साठी घडलेले चिनी अक्षर

बौद्ध कथांमधला मार मराठी वाचकाला ओळखीचा आहे. अजिंठ्याच्या २६व्या लेण्यात बुद्धावर चालून आलेली त्याची सेना आणि मोह घालणाऱ्या त्याच्या मुली दगडात कोरलेल्या आहेत. हे ग्रंथ चीनमध्ये पोहोचले तेव्हा या नावासाठी वेगळे अक्षर नव्हते. इ. स. १००च्या सुमाराच्या ‘श्वोवन’ या कोशात आजचे 魔 हे अक्षर सापडत नाही. श्यू श्वान या विद्वानाने ९८६मध्ये त्या कोशाची सुधारलेली प्रत सिद्ध केली, तिच्या पुरवणीत ते आले. अर्थ दिला आहे ‘भूत’, आणि उच्चाराचा भाग म्हणून दाखवला आहे ताग-अंबाडीसारख्या वाखाच्या झाडाचा घटक.

अनुवादकांनी आधी उच्चार जुळवला. ‘मार’साठी दोन अक्षरे, आणि बोलताना त्यांतले पहिलेच पुरे. सुरुवातीला हे पहिले अक्षर दळणे-घासणे या अर्थाचे होते: वर वाख, खाली दगड. परंपरा सांगते की लियांग घराण्याच्या सम्राट वू याच्या काळापासून (५०२–५४९) दगडाच्या जागी भूत आले. मार माणसांना छळतो, तेव्हा अक्षरात भूतच हवे, असा त्यामागचा युक्तिवाद. बदल सम्राटाने स्वतः केला की लेखनिकांमध्ये रुळलेली रीत त्याच्या नावावर जमा झाली, याने फारसे बिघडत नाही. महत्त्वाचे हे, की नुसत्या ध्वनीपुरते घेतलेले अक्षर त्या दिवसापासून अर्थही सांगू लागले. ‘महा’ लिहिताना मात्र त्याच उच्चाराचे, खाली ‘हात’ असलेले अक्षर वापरतात. तिथे भूत घातले तर ती सरळ चूक.

त्या काळी भूतवाल्या अक्षराचा उच्चार ‘मा’च्या जवळचा होता. जपानी, कोरियन आणि व्हिएतनामी भाषांनी तो ‘आ’ टिकवला. आजच्या मँडरिनमध्ये मात्र ‘मो’ झाला आहे. म्हणून बीजिंगचा उच्चार ऐकून ‘मार’ आठवत नाही, तोक्योचा ऐकून आठवतो.

अर्थ मात्र प्रत्येक देशात वेगळ्या वाटेने गेले. चिनी ‘मोशू’ म्हणजे रंगमंचावरची हातचलाखी. हीच दोन अक्षरे जपानीत ‘माजुत्सू’ झाली की सूर मंत्रतंत्राकडे झुकतो, हातचलाखीला ‘तेजिना’ हा वेगळा शब्द आहे. रुबिक क्यूब चिनीत ‘मोफांग’, थर्मास जपानीत ‘माहोबिन’, म्हणजे जादूची बाटली. कोरियन बातम्यांत मोठ्या आगीला ‘ह्वामा’ म्हणतात, अग्नीचा मार. व्हिएतनामीत ‘मा’ म्हणजे भूत आणि ‘दाम मा’ म्हणजे अंत्ययात्रा. त्याच ‘मा’वर चढता स्वर लावला की दक्षिणेकडे ‘आई’ होते, तेव्हा स्वर सांभाळूनच बोलावे.

सर्वांत फसवी जोडी ‘दुष्ट’ आणि ‘मार’ या अक्षरांची. चिनीत ती अजून सैतानी शक्तीच आहे. जपानीत ‘जामा’ म्हणजे अडथळा, आणि कुणाच्या घरात पाऊल टाकताना म्हणायचे ‘ओजामा शिमासू’, म्हणजे तुम्हाला त्रास देतोय. साधनेत विघ्न आणणारा मार तिथे पाहुण्याचा संकोच होऊन बसला! याउलट शांघायचे टोपणनाव ‘मोदू’, म्हणजे माराची नगरी, जपानहून चीनला परत आले. मुरामात्सू शोफू या लेखकाच्या १९२४च्या पुस्तकाचे ते नाव होते.

भूत दिसले म्हणून दर वेळी मार शोधू नये. जपानी ‘दानमात्सुमा’ म्हणजे मरतानाची तडफड. पहिले अक्षर ‘तोडणे’. उरलेले ‘मात्सुमा’ हे संस्कृत ‘मर्मन्’चे ध्वनिलेखन. मरताना शरीरातली मर्मे तुटतात ही कल्पना. इथे भूत फक्त ‘मा’ या ध्वनीपुरते आहे.

कोशात शोधतानाही घोटाळा होतो. तिथे अक्षरे मूलघटकांच्या क्रमांकाने आणि मग उरलेल्या रेघांच्या संख्येने लावलेली असतात. अक्षर वाखाने सुरू होते आणि वाख स्वतः २००वा मूलघटक आहे, म्हणून नवखा तिथे शोधतो. ते आहे भुताखाली, १९४व्या घटकात, अधिक ११ रेघांच्या रांगेत. जपानी गणनेत एकूण २१ रेघा. चीनच्या मुख्य भूमीवर २०. तिथे भुताच्या चौकटीतली मधली उभी रेघ आणि खालचा डावा पाय एकाच झटक्यात काढतात. युनिकोडमध्ये मात्र दोन्हींचा क्रमांक एकच, त्यामुळे फरक फाँट बदलल्यावरच दिसतो. हाताने लिहिताना वरची दोन झाडे मोठी झाली की भुताला जागा उरत नाही, आणि पायाशी असलेला छोटा त्रिकोणी तुकडा राहून जातो. घाईत जपानी लोक वरचे छप्पर तेवढे काढून आत काताकाना या जपानी ध्वनिलिपीतला ‘मा’ टाकतात. पण ‘हात’ आणि ‘दगड’वाल्या भावंडांचेही संक्षिप्त रूप तेच, म्हणून ते स्वतःच्या टिपणवहीपुरतेच ठेवावे.