गणंग दाण्याचा जुना हिशेब

हुलगे रात्रभर भिजत घातले तरी सकाळी तळाशी चार-पाच दाणे टणकच राहतात. असा न भिजणारा दाणा म्हणजे गणंग. तो दाताखाली आला की निवडणाऱ्याचा उद्धार होतो. पण कोरडा असताना गणंग इतरांसारखाच दिसतो, निवडणार तरी कसा?

कडधान्यांचा हा मूळ रानटी स्वभाव. सगळेच बी पहिल्या पावसात उगवले आणि पुढे पावसाने ओढ दिली, तर वंशच बुडायचा. म्हणून टरफलात उभ्या पेशींची घट्ट रांग असते. ऊन लागून किंवा चरा पडून ती फटेपर्यंत पाणी आत शिरत नाही. शेतकऱ्याला नेमके उलटे हवे असते: वाफशावर पेरले की रान एकदम उगवून यावे.

मग बी मऊ झाले कधी? इस्रायलचे वनस्पतिशास्त्रज्ञ गिदॉन लाडिझिन्स्की यांनी 1987 साली मसुरावरून युक्तिवाद केला. रानटी मसूर पेरला तर शेकडा दहाच्या आसपास दाणे उगवणार; पेरलेलेही परत येणार नाही. म्हणजे मऊ बियांचे वाण माणसाने शेतीआधी रानातच हेरले असणार.

या तर्काला आपल्या हुलग्यांनी छेद दिला. घाटाखालचे कुळीथ, कन्नडमधले हुरळी, तेच हे. दक्षिण भारतातल्या उत्खननांत सापडलेले प्राचीन दाणे शार्लीन मर्फी आणि डोरियन फुलर या पुरावनस्पती-अभ्यासकांनी न फोडता सिंक्रोट्रॉन या कण-त्वरकाच्या प्रखर क्ष-किरणांनी तपासले. 2017 साली निष्कर्ष आला: इसवी सनापूर्वी 2000 ते 1200 या काळात टरफल जाडाचे मध्यम आणि मध्यमाचे पातळ झाले. आठशे वर्षे, आणि तीही पेरता-पेरता.

जनुकांचा शोध त्या मानाने ताजा. सोयाबीनमध्ये 2015 साली जीएमएचएस1-1 हे जनुक सापडले. त्याच्या डीएनएतले एकच अक्षर बदलले आणि टरफल पाणी पिऊ लागले. मुगात मात्र 2022 साली केएनएटी7-1 हे वेगळेच जनुक पुढे आले. प्रत्येक पिकाने आपापली वाट काढलेली दिसते.

बेळगाव जिल्ह्यातल्या बैलहोंगलच्या शेतकऱ्याला या मऊपणाची दुसरी बाजू ठाऊक आहे. काढणीला पाऊस लागला की सोयाबीनला शेंगेतच कोंब फुटतात.

गणंग दाण्याचा सगळा दोष वंशावर ढकलता येत नाही, फार कडक वाळवलेला दाणाही तसा होतो. तो खडबडीत फरशीवर जरा घासून पुन्हा पाण्यात टाकावा. बहुधा फुगतो.