इंदूरचा बीआरटीएस आणि बसमध्ये स्वतःहून चढण्याचा हक्क : पार्श्वभूमी

फेब्रुवारी 2025 मध्ये ए.बी. (आग्रा-मुंबई) रोडवरचे बीआरटीएसचे, म्हणजे रस्त्याच्या मधोमध बससाठी राखलेल्या वेगळ्या मार्गाचे, कठडे काढायला सुरुवात झाली, तेव्हा इंदूरभर बोलणे झाले ते कोंडीचे, अपघातांचे आणि खर्चाचे. व्हीलचेअरवर बसून किंवा कुबड्या घेऊन प्रवास करणाऱ्यांचे या निर्णयाने काय झाले, याचा विचार त्यात जवळजवळ नव्हताच. तो करायचा तर थोडे मागे जावे लागते.

होळकरांच्या काळाबद्दल इथे फार सांगण्याची गरज नाही. धर्मशाळा होत्या, अन्नछत्रे होती, पण यात्रेला निघालेल्या अपंग माणसासाठी डोली नाहीतर कुणाची तरी पाठ, एवढेच साधन होते. 1870 च्या दशकात खंडव्याहून इंदूरकडे रेल्वे आली. तिने अंतरे कमी केली, पण डब्यात चढायचे ते हमालाच्या आधारानेच. पुढे तिकिटात सवलत आली आणि गाडीला वेगळा डबाही जोडला जाऊ लागला. मार्च 2020 मध्ये ज्येष्ठ नागरिकांची सवलत थांबली तरी अपंगांची चालू राहिली, हे खरे आहे. पण फलाट आणि डब्याचे दार यांच्यातला फरक सवलतीने भरून निघत नाही.

मराठी घरांमध्ये या फरकावर एक ठरलेला उपाय असतो : ‘उचलून घेऊ की, त्यात काय!’ इंदूरहून पुण्याला लग्नाला निघालेल्या कुटुंबात हे वाक्य मनापासून म्हटले जाते. रात्रीच्या स्लीपर बसच्या अरुंद पायऱ्यांवरून काका-मामा मिळून एखाद्याला वर चढवतात. त्या मायेबद्दल शंका नाही. मात्र ज्याला उचलले जाते त्याला निघण्याची वेळ दुसऱ्यांच्या सोयीने ठरवावी लागते, वाटेत पाणी बेताने प्यावे लागते आणि मग कधीतरी तोच म्हणतो, ‘तुम्ही जा, मी घरीच बरा.’ घरचेही सुटकेचा श्वास टाकतात. अशी किती माणसे प्रवासातून गळली याची नोंद कुठेच नाही.

कायद्याने या विषयाला पहिल्यांदा नीट हात घातला तो 1995 मध्ये. त्या कायद्यात बस आणि रेल्वे अपंगांना वापरता येईल अशी करण्याची तरतूद होती, पण ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ अशी अट जोडूनच. कुवत कधीच पुरेशी ठरली नाही. इंदुरात त्या वेळी टेम्पो आणि ‘नगरसेवा’ नावाच्या छोट्या बस धावत होत्या. त्यांत चढायचे म्हणजे वाकून, दांडा धरून आत शिरायचे. 2006 पासून शहर बस सुरू झाली. ती मोठी होती, पण पायऱ्या तिलाही होत्याच.

मे 2013 मध्ये निरंजनपूर ते राजीव गांधी चौक असा सुमारे साडेअकरा किलोमीटरचा बीआरटीएस सुरू झाला. रस्त्याच्या मधोमध स्टेशने, चढायला रॅम्प, आणि स्टेशनचा चौथरा बसच्या तळाला समांतर. विजयनगर, पलासिया, गीताभवन, नवलखा, भंवरकुआं या सगळ्या गजबजलेल्या भागांतून जाणाऱ्या बसमध्ये पायरी नावाची गोष्टच उरली नाही. ही सोय अपंगांसाठी म्हणून केलेली नव्हती. बस थांबल्यावर लोक झटपट चढावेत-उतरावेत, हा हेतू होता. पण त्यामुळेच तिच्यात उपकाराचा भाग नव्हता. आजी, बाळाची गाडी घेतलेली आई आणि व्हीलचेअरवरचा विद्यार्थी एकाच दाराने, कुणाला हाक न मारता आत जाऊ शकत होते.

उणिवा होत्या, आणि त्या लहान नव्हत्या. स्टेशन गाठायचे तर अर्धा ए.बी. रोड ओलांडावा लागे. चालकाने बस चौथऱ्याला चिकटवून लावली नाही तर मध्ये फट राही. आणि रामबागेतून किंवा राजवाड्याच्या बाजूने स्टेशनापर्यंत यायला पुन्हा रिक्षाच.

नोव्हेंबर 2024 मध्ये राज्य सरकारने हा मार्ग काढण्याची घोषणा केली आणि पुढच्या फेब्रुवारीत न्यायालयाने परवानगी दिली. दिल्लीत आणि भोपाळमध्ये हे आधीच घडले होते. इतर वाहनांना रस्ता अपुरा पडत होता, ही तक्रार खोटी नव्हती. पण मोजमाप मोटारींच्या वेगाचे आणि रस्त्याच्या रुंदीचे झाले. विनापायरीची साडेअकरा किलोमीटर गेली, आणि त्या बदल्यात काय, हा प्रश्न जाहीर चर्चेत ऐकू आला नाही.

हे ज्या काळात घडले तो काळही लक्षात घ्यायला हवा. 2016 च्या नव्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातवरून एकवीसवर नेले. त्याच वर्षी, 2012 साली कोलकात्यात विमानातून उतरवलेल्या अपंग महिलेला दहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला. मे 2022 मध्ये रांचीत एका मुलाला विमानात चढू दिले नाही. त्यानंतर डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय असा नकार देता येणार नाही, असा नियम झाला. आणि 8 नोव्हेंबर 2024 ला, म्हणजे इंदूरच्या घोषणेच्या जेमतेम दोन आठवडे आधी, सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की सुगम्यतेचे, म्हणजे इमारती आणि वाहने अपंगांना वापरता येण्याजोगी असण्याचे, निकष नुसते शिफारशीवजा ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक असले पाहिजेत.

31 मे 2025 ला मेट्रो सुरू झाली. पहिला टप्पा सुमारे सहा किलोमीटरचा, पाच स्टेशनांचा, सुपर कॉरिडॉर या रस्त्याकडच्या विरळ वस्तीत. ए.बी. रोडवरच्या रोजच्या प्रवाशाला या टप्प्याचा उपयोग नाही.

त्याला बस रस्त्याच्या कडेलाच पकडावी लागेल. लो-फ्लोअर बसचा तळ जमिनीपासून सुमारे 40 सेंटिमीटर उंच असतो. चाकाची खुर्ची स्वतः ढकलत चढण्यासाठी मान्य असलेला उतार 1:12 चा (एक सेंटिमीटर उंचीला बारा सेंटिमीटर लांबी), म्हणजे थेट रस्त्यावरून चढायला 4.8 मीटरचा रॅम्प लागेल. थांब्याचा चौथरा 15 सेंटिमीटर उंच असला तरी तीन मीटरचा. बसला जोडलेली फळी एवढी लांब नसते, त्यामुळे मागून ढकलणारा माणूस लागतोच. चौथराच बसच्या तळाइतका केला आणि बस त्याला लागून थांबली, तरच तो लागणार नाही. ए.बी. रोडवरच्या नव्या थांब्यांची उंची निविदेत आकड्याने लिहायला हवी, आणि काम पाहायला जाणाऱ्यांमध्ये व्हीलचेअर वापरणारा एक तरी माणूस हवा.