फेन्सिंगचा (तलवारबाजीचा) नवा सीझन: क्लबचं सदस्यत्व, फेडरेशनचं लायसन्स आणि पहिली स्पर्धा, कुठला फॉर्म कधी आणि कागद कोणते

क्लबमध्ये नवशिक्यांची बॅच सुरू होतेय, मग क्लबमधल्या क्लबमध्ये फ्रेंडली मॅचेस, त्यानंतर एक अख्खा दिवस फक्त सामान तपासायचा, आणि मग सीझनमधली पहिली बाहेरची स्पर्धा. पुढच्या काही महिन्यांचं असं सगळं ठरलंय. क्लबच्या एंट्र्या मी भरते, त्यामुळे दर सीझनला तेच तेच प्रश्न माझ्याकडे येतात, म्हणून यावेळी सगळं एकत्र लिहून ठेवतेय. मूल वर्षभर घाम गाळतं आणि एका कागदापायी स्पर्धेला मुकतं, हे मला खरंच बघवत नाही.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. क्लबचं सदस्यत्व वेगळं, फेडरेशनचं लायसन्स वेगळं आणि स्पर्धेची एंट्री वेगळी. तिन्ही एकापाठोपाठ एक आहेत, पहिलं झाल्याशिवाय दुसरं होत नाही आणि दुसऱ्याचा नंबर हातात आल्याशिवाय तिसरं भरता येत नाही. बरेच जण क्लबची फी भरली की समजतात आता स्पर्धेतही नाव गेलं. तसं नसतं. एंट्रीसाठी तुम्हाला कुठला बॉक्स टिक करायचाय, कुठली मुदत पाळायचीय, ते दरवेळी नव्याने बघावं लागतं.

क्लबचं सदस्यत्व सगळ्यात सोपं. फॉर्म, फोटो, जन्मतारखेचा पुरावा, अडीअडचणीला कुणाला फोन करायचा त्याचा नंबर, आणि मूल सज्ञान नसेल तर पालकांची सही. सुरुवातीला मास्क, जॅकेट, तलवार क्लबचीच वापरायची, लगेच काही विकत घेऊ नका. घरून फक्त लांब ट्रॅक पँट आणि आतल्या हॉलमध्ये घालायचे स्वच्छ बूट आणा. फॉर्मवर 'उजवा की डावा हात' असा रकाना असतो, तो खूप जण रिकामा सोडतात, कृपया भरा. जॅकेटची चेन तलवारीच्या हाताच्या उलट्या बाजूला असावी लागते, त्यामुळे जॅकेट काढून ठेवताना आम्हाला ते माहीत हवं. शिवाय बाऊटमध्ये, म्हणजे दोघांच्या लढतीत, ज्याचं नाव आधी पुकारतात तो रेफरीच्या उजव्या बाजूला उभा राहतो, पण एक डावखुरा आणि एक उजवा असेल आणि आधी डावखुऱ्याचं नाव आलं तर तो डावीकडे जातो. म्हणजे ही माहिती शेवटी पिस्टवरपर्यंत, म्हणजे लढत होते त्या पट्टीपर्यंत लागते.

आता वय. इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. आंतरराष्ट्रीय फेडरेशन म्हणजे एफआयईच्या नियमात कॅडेट म्हणजे १७ वर्षांखालचे आणि ज्युनियर म्हणजे २० वर्षांखालचे, पण हे वय स्पर्धेच्या दिवशी मोजत नाहीत, वर्ल्ड चॅम्पियनशिप ज्या वर्षी आहे त्याच्या आधीच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला मोजतात. उदाहरणच घ्या, २०२६ च्या चॅम्पियनशिपसाठी २००९ किंवा त्यानंतर जन्मलेला कॅडेट आणि २००६ किंवा त्यानंतर जन्मलेला ज्युनियर. एकाचा जन्म २८ डिसेंबर २००८ चा आणि दुसऱ्याचा ३ जानेवारी २००९ चा, अंतर सहाच दिवसांचं, पण पहिला कॅडेटमधून बाहेर आणि दुसरा आत. म्हणून 'अजून सोळाच पूर्ण आहेत की' असं बोटांवर मोजून गट भरू नका, जन्माचं वर्ष बघा. एफआयईच्या अधिकृत स्पर्धेत उतरायचं तर त्या वर्षीच्या १ जानेवारीला १३ पूर्ण हवीत. छोट्यांचे गट प्रत्येक स्पर्धेच्या परिपत्रकात वेगळे दिलेले असतात, ते परिपत्रक उघडून वाचायचं, मागच्या स्पर्धेवरून अंदाज बांधायचा नाही. मोठ्यांसाठी सीनियरला वरची वयोमर्यादा नाही, आणि चाळिशीनंतर व्हेटरनचा गट आहेच, त्यामुळे मुलांना सोडायला येणाऱ्या आईबाबांनी बाकावर बसून राहायची काही गरज नाही, नवशिक्यांच्या बॅचला तुम्हीही या.

फेडरेशनचं लायसन्स एका सीझनपुरतं असतं. एफआयईचा सीझन १ सप्टेंबरला सुरू होतो आणि ३१ ऑगस्टला संपतो, म्हणजे जुलैमध्ये काढलेलं आंतरराष्ट्रीय लायसन्स दोन महिन्यात संपणार, हे लक्षात घेऊन काढा. आणि ते तुम्ही किंवा क्लब थेट काढू शकत नाही, ते देशाच्या फेडरेशनकडूनच जातं, बाहेरच्या स्पर्धेची एंट्रीसुद्धा तिकडूनच. कागद म्हणाल तर जन्मदाखला, फोटो असलेलं ओळखपत्र, अलीकडचा फोटो, डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट, पालकांचं संमतीपत्र, आणि परदेशी खेळायचं असेल तर पासपोर्ट, कारण ज्या देशाकडून खेळायचं त्याचं नागरिकत्व लागतं.

या सगळ्यात जीव अडकतो तो नावात. जन्मदाखल्यावर एक स्पेलिंग, शाळेच्या कार्डावर दुसरं, पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे आणि फॉर्ममध्ये ते गायब. एकदा एका मुलीची एंट्री माझ्या हातून अशीच परत आली होती, लायसन्सवर आणि ओळखपत्रावर एका अक्षराचा फरक होता, आणि तोपर्यंत मुदत संपायला एकच दिवस राहिला होता. ती मुलगी शेवटी खेळली, पण त्या रात्री तिच्या आईला आणि मला झोप नव्हती. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, पासपोर्ट असेल तर त्यावरचं नाव जसंच्या तसं सगळीकडे, नसेल तर जन्मदाखल्यावरचं, आणि दुरुस्ती करायची असेल तर ती सीझन सुरू व्हायच्या आधी.

मेडिकलबद्दल एवढंच, दमा, ॲलर्जी, जुनी दुखापत, रोजची गोळी, काहीही लपवू नका. डोपिंग चाचणी होणाऱ्या स्पर्धेत बंदीच्या यादीतलं औषध चालू असेल तर त्याची वैद्यकीय सूट आधी मागावी लागते, आयत्या वेळी चिठ्ठी दाखवून भागत नाही.

एंट्री भरताना हत्यार नीट निवडा, फॉइल, इपी आणि सेबर हे तलवारीचे तीन प्रकार, आणि त्यांच्या तीन वेगळ्या एंट्र्या आहेत, दोन खेळणार असाल तर दोनदा भरायचं आणि दोघांच्या वेळा एकमेकांवर येत नाहीत ना ते आधी बघायचं.

आता सामान. हे लोक अर्जापासून वेगळं समजतात, पण माझ्या मते सामान हाही एक कागदच आहे, कारण तपासणीचा शिक्का नसेल तर पिस्टवर उभं राहता येत नाही. एवढी कडक तपासणी का, त्यामागे मोठं दुःख आहे. १९८२ मध्ये रोमच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये सोव्हिएत फॉइल खेळाडू व्लादिमीर स्मिर्नोव, १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकचा विजेता, खेळत असताना समोरच्याचं ब्लेड मोडलं आणि मोडकं टोक स्मिर्नोवच्या मास्कच्या जाळीतून आत गेलं, काही दिवसांनी तो वारला. त्यानंतर मास्क, कपडे आणि ब्लेडचं स्टील सगळ्याचे नियम बदलले. आज जॅकेटवर ३५० किंवा ८०० न्यूटन असा आकडा दिसतो तो कापड किती जोर सहन करतं त्याचा आहे. एफआयईच्या स्पर्धेला जॅकेट, पँट आणि आतलं प्लॅस्ट्रॉन (जॅकेटच्या आत घालायचं जादा संरक्षक कापड) ८०० चं आणि मास्कची खालची झालर १६०० ची लागते. छोट्या स्पर्धांना ३५० चं जॅकेट अनेकदा चालतं, तरी परिपत्रकातला आकडा वाचूनच खरेदी करा, जॅकेट एकदा घेतलं की परत होत नाही.

बाकी तपासतात ते असं. फॉइलचं टोक (त्यात टच नोंदवणारं स्प्रिंगचं बटण असतं) ५०० ग्रॅमचं वजन उचलून धरतं का, इपीचं ७५० ग्रॅमचं. इपीला शिवाय दीड मिलिमीटर आणि अर्धा मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या टोकात घालून बघतात. फॉइल आणि इपीचं ब्लेड ९० सेंटिमीटरपर्यंत, सेबरचं ८८, लहान मुलांसाठी छोटं शून्य किंवा दोन नंबरचं ब्लेड असतं, त्यांना पाच नंबरचं, म्हणजे मोठ्यांचं पूर्ण लांबीचं, देऊ नका, मनगट दुखतं. ऑन गार्ड, म्हणजे लढायच्या पवित्र्यात, उभं राहिल्यावर जॅकेट पँटवर किमान १० सेंटिमीटर आलं पाहिजे, मोजे गुडघ्यापर्यंत, ग्लोव्ह कोपरापर्यंतच्या निम्म्या हातावर. आणि प्रत्येक गोष्ट दोन, म्हणजे दोन तलवारी, दोन बॉडी कॉर्ड (तलवारीला टच नोंदवणाऱ्या यंत्राशी जोडणारी, जॅकेटच्या आतून जाणारी वायर). पिस्टवर दुसरी तलवार चालली नाही तर पिवळं कार्ड मिळतं, आणि पाच टचच्या, तीन मिनिटांच्या पूल बाऊटमध्ये (सुरुवातीच्या गटातल्या लढतीत) मन तिथेच अर्धं खचतं.

म्हणूनच क्लबमध्ये तो सामान तपासणीचा दिवस ठेवलाय. घरातलं सगळं सामान घेऊन या, धुतलेलं, आणि लामे (जॅकेटवर घालायचं धातूच्या धाग्यांचं जॅकेट) वॉशिंग मशीनमध्ये टाकून आणू नका, हाताने धुऊन सावलीत वाळवा. मास्कच्या जाळीला खळगा पडलाय असं वाटलं तर तो मास्क वेगळा ठेवा. त्याच दिवशी कागदपत्रांच्या झेरॉक्स माझ्याकडे द्या, मूळ प्रती फक्त दाखवायच्या आहेत, ठेवून घेणार नाही. एंट्रीची मुदत संपायच्या आठवडाभर आधी मी क्लबची यादी बंद करते, कारण एखादं नाव परत आलं तर दुरुस्त करायला तेवढे दिवस लागतातच.