दोर धरायचा कसा आणि सोडायचा कसा: शिडाच्या जहाजावरच्या खुंट्यांची पार्श्वभूमी

चिंचोळी एमआयडीसीत लेथचं काम करणाऱ्या ओळखीच्या एका काकांकडे मध्यंतरी पितळी खुंट्यांची ऑर्डर आली होती, कुठल्यातरी हॉटेलात जहाजासारखं डेकोरेशन करायचं होतं म्हणे, आणि ड्रॉइंगवर नाव होतं बिलेइंग पिन. वर गोलसर मूठ, मूठ संपते तिथं खांदा, खाली सरळ दांडा. काकांचा प्रश्न साधा होता, "हे नेमकं कशाला लागतंय ते तरी सांग की, म्हंजे माप कुठं जपायचं ते कळंल." सोलापुरातनं समुद्र गाठायचा म्हणलं तर गाडीनं दिवस जातो, त्यामुळं असला प्रश्न इथं कुणाला पडत नाही, पण एकदा खोदायला लागलं की मामला लै जुना आणि लै मजेशीर निघतो.

पहिली गोष्ट अशी की जहाजावर दोर बांधणं हा प्रॉब्लेम कधीच नव्हता. गाठ कुणालाही मारता येते. प्रॉब्लेम होता सोडण्याचा. शिडात वारा भरलेला, दोरावर शेकडो किलोचा ताण, दोर भिजून फुगलेला, रात्रीचा अंधार, आणि अशात वावटळ आली तर ते शीड काही क्षणात ढिलं करायचं, नाहीतर डोलकाठी मोडणार. भिजलेल्या तागाच्या दोराची गाठ आवळली की बोटांनी सुटत नाही, सुरीनं कापावीच लागते. म्हणून जहाजावरच्या ह्या सगळ्या सामानाची, खुंट्या, क्लीट, खांब, कड्या, सगळ्याची हिस्ट्री बघितली तर ती गाठ न मारता दोर कसा धरून ठेवायचा ह्याचीच हिस्ट्री आहे.

गाठ न मारता दोर धरतो तो घर्षणावर. आपल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको, साध्या पॉवरलूमवर मागच्या बीमला साखळी नाहीतर दोर गुंडाळून त्याला वजन लटकवलेलं असतं, त्या घर्षणावरच अख्खा ताणा आवळलेला राहतो आणि कापड पुढं सरकेल तसा थोडा थोडा सुटतो, जहाजावरचं गणित तेच. १८व्या शतकात ऑयलर ह्या गणितज्ञानं ते सूत्रात मांडलं. घर्षणाचा गुणांक ०.३ धरला तर दोराचा एक पूर्ण वेढा ताण साधारण साडेसहा पटीनं कमी करतो, आणि तीन वेढ्यांत ही पट २८० च्या वर जाते, म्हंजे पलीकडं २८० किलो ओढत असले तरी अलीकडं एक किलोच्या जोरावर माणूस धरून उभा राहू शकतो. वेढे जोडले की ताकद बेरजेनं नाही, गुणाकारानं वाढते. खलाशांना सूत्र माहीत नव्हतं पण हाताला हिशोब पक्का होता.

आता मागं जाऊ, चांगलं दोन हजार वर्षं. सोलापूरच्या शेजारी, धाराशिव जिल्ह्यात तेर आहे, जुनं तगर. पहिल्या शतकातल्या पेरिप्लस ह्या ग्रीक प्रवासवर्णनात लिहिलंय की पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं मोठं शहर आहे आणि तिथनं साधं कापड, मलमल वगैरे गाड्यांवर लादून भडोचला जातं. तिथनं पुढं जहाजं लाल समुद्राकडं जायची. त्या काळच्या रोमन जहाजांची शिडं चौकोनी, आणि शिडाच्या तोंडावर ओळीनं छोट्या कड्या शिवलेल्या असायच्या, त्यातनं दोर ओवून वर परबाणावरनं, म्हंजे शीड ज्याला टांगतात त्या आडव्या लाकडावरनं, मागं सुकाणूवाल्याजवळ आणलेले. दोर ओढले की शीड वर गोळा, सोडले की खाली. सायप्रसजवळ सापडलेल्या किरेनियाच्या जहाजावर, जे ख्रिस्तपूर्व काळात बुडालं, अशा शिशाच्या कड्या शंभराच्या वर मिळाल्या. आणि खरी भारी गोष्ट पुढंच आहे, इजिप्तच्या लाल समुद्राच्या किनाऱ्यावर बेरेनिके आणि मायोस होर्मोस ह्या जुन्या बंदरांत खोदकामात शिडाच्या कापडाचे तुकडे सापडले, ते सुती आणि भारतीय धाटणीचे, आणि मायोस होर्मोसला लाकडाच्या अन् शिंगाच्या कड्याही निघाल्या. ते कापड तेरचंच होतं असं म्हणायला काही पुरावा नाही, उगीच छाती फुगवायला नको, पण आपल्या भागातनं कापडाच्या गाड्या ज्या व्यापारात जात होत्या त्याच व्यापारात हे शीड अन् ह्या कड्या फिरत होत्या एवढं नक्की.

मधली हजारभर वर्षं पटकन ओलांडू. एकच मोठं शीड असेल तर दोर मोजकेच, आणि मोजके दोर बांधायला जहाजाच्या कडेची लाकडं, आडव्या तुळयांची टोकं, दोन शिंगांची लाकडी क्लीट एवढं पुरायचं. अरबी समुद्रातल्या तिरक्या शिडांच्या जहाजांचंही तसंच, कोकणातली गुराबं, गलबतं, शिबाडं काथ्याच्या दोरावर चालायची आणि शीड मोठं असलं तरी ते सांभाळणारे दोर थोडे. आंग्र्यांच्या आरमाराबद्दल आपण भरपूर वाचतो, पण त्या गलबतांवर दोर कुठं आणि कसे बांधायचे ह्याकडं कुणी फारसं बघत नाही, खरंतर तांडेलाचा निम्मा जीव तिथंच अडकलेला.

गुंता वाढला तो युरोपातल्या मोठ्या जहाजांवर, १५व्या-१६व्या शतकापासनं. तीन डोलकाठ्या, प्रत्येकीवर एकावर एक शिडं, आणि प्रत्येक चौकोनी शिडाला वर चढवायचा दोर वेगळा, परबाण फिरवायचे दोन वेगळे, खालचे कोपरे ताणायचे वेगळे, शीड गोळा करायचे आणखी वेगळे. मोठ्या जहाजावर चालू दोरांची, म्हंजे शीड हलवायला ओढायच्या-सोडायच्या दोरांची, संख्या सहज शंभराच्या पुढं. ब्रिटिश अ‍ॅडमिरल नेल्सनचं व्हिक्टरी हे जहाज, १७६५ साली पाण्यात उतरलेलं, त्याच्यावर दोरखंड २६ मैल होता असं सांगतात, म्हंजे साधारण ४२ किलोमीटर, सोलापूरहून अक्कलकोट पार करून पुढं.

ह्या काळात प्रत्येक कामाला वेगळं सामान तयार झालं. डोलकाठी उभी धरणाऱ्या जाड दोरांना खाली डेडआय, म्हंजे तीन भोकं पाडलेली लाकडाची गोल चकती, दोन चकत्यांत दोरी ओवून ताण द्यायचा. इंग्लंडचं मेरी रोज हे जहाज १५४५ ला बुडालं आणि १९८२ ला वर काढलं, त्याच्या सामानात ह्या चकत्या मिळाल्यात, आणि व्हिक्टरीवरही तत्त्व तेच, दोनशे-अडीचशे वर्षांत फारसा फरक नाही. चालू दोर बांधायला केव्हल, म्हंजे जहाजाच्या आतल्या कडेला ठोकलेली दोन शिंगांची जाडजूड लाकडं. आणि नांगराच्या दोराला बिट्स, डेकमधनं खाली तळाच्या तुळयांपर्यंत गेलेले दोन राक्षसी खांब आणि त्यांना जोडणारी आडवी तुळई.

बिट्सवर जरा थांबायलाच पाहिजे कारण खरा थरार तिथं आहे. व्हिक्टरीसारख्या जहाजाच्या नांगराच्या दोराचा घेर २४ इंच, म्हंजे जाडी वीत भरेल एवढी. नांगर सोडला की हा अजगर बिट्सवरनं धडधडत बाहेर जायचा, लाकूड तापून धूर निघायचा, म्हणून खलाशी पाण्याच्या बादल्या घेऊन तयार उभे. आणि नांगर परत ओढताना तर अजून मजा, एवढा जाड दोर कॅपस्टनच्या, म्हंजे दोर ओढायच्या उभ्या रहाटाच्या, गोल पिंपाला वळसाच घालत नाही, म्हणून एक बारीक फिरता दोर कॅपस्टनभोवती घालायचा आणि मोठा दोर त्याला छोट्या दोऱ्यांनी थोड्या थोड्या अंतरावर बांधत न्यायचा, पुढं पोचला की सोडायचा, परत मागं जाऊन बांधायचा. हे बांधा-सोड करायला पोरं ठेवलेली असायची. बांधणं, चालणं, सोडणं, अखंड. १८०८ च्या सुमाराला सॅम्युएल ब्राउन ह्या नौदलाच्या अधिकाऱ्यानं लोखंडी साखळीचा पाठपुरावा सुरू केला, साखळी आली आणि ही सगळी कसरत हळूहळू बंद पडली.

आता काकांची खुंटी. १७व्या शतकात ती तुरळक दिसते, १८व्या शतकात वाढत जाते आणि १९व्या शतकात सर्रास होते. आयडिया बघा किती साधी. जहाजाच्या कडेला किंवा डोलकाठीच्या बुडाशी एक जाड लाकडी पट्टी, तिला ओळीनं भोकं, प्रत्येक भोकात एक खुंटी खांद्यापर्यंत अडकलेली. वरनं आलेला दोर आधी खालच्या दांड्याखालनं घ्यायचा, मग वरच्या मुठीवर, मग इंग्रजी आठाच्या आकारात खाली-वर तीन-चार फेरे. गाठ नाही. उरलेल्या दोराची गुंडाळी त्याच खुंटीवर लटकवायची. आणि अगदीच जीवावर बेतलं तर खुंटी वर उपसली की सगळे फेरे एका झटक्यात मोकळे, कारण धरायला मध्ये काही उरतच नाही.

बऱ्याच ठिकाणी लिहितात की खलाशी नेहमीच खुंटी उपसून दोर सोडायचे, ते मला तरी पटत नाही. ताणलेल्या दोराची खुंटी अशी उपसली तर परबाण धाडकन खाली येईल नाहीतर दोर हात सोलून काढेल. रोजची पद्धत म्हंजे वरचे फेरे काढायचे, शेवटचा एक वळसा ठेवायचा आणि त्याच्या घर्षणावर दोर सावकाश द्यायचा. उपसणं हा शेवटचा उपाय. पण तो उपाय हाताशी असणं, हेच केव्हलपेक्षा खुंटीचं मोठेपण, आणि शिवाय केव्हल मोडलं तर सुतार बोलवावा लागतो, खुंटी मोडली तर दुसरी टाकायची, दोन मिनिटांचं काम. दाटीवाटीनं ओळीत बसत असल्यामुळं शंभर दोरांना शंभर पक्के पत्ते मिळाले आणि कुठला दोर कितव्या खुंटीवर हे खलाशाला अंधारात हातानं कळायला लागलं. काकांना मी तेवढंच सांगितलं, दांडा भोकात सैल पण खांदा नेमका बसला पाहिजे.

लाकूड मात्र चिवट पाहिजे, ओक, अ‍ॅश असलं काहीतरी, पुढं लोखंडी आणि पितळीही आल्या. लोखंडी खुंटीचा एक वाईट उपयोगही झाला. १९व्या शतकातल्या अमेरिकन व्यापारी जहाजांवर काही अधिकारी खलाशांना शिस्त लावायला हीच खुंटी उपसून हाणायचे, इतकं कॉमन की त्या माराला खलाशी लोक बिलेइंग पिनचं सूप म्हणायचे. हाताशी, वजनदार, मूठ तयारच. भांडणातलं ठरलेलं हत्यार.

कप्प्यांचं सांगितल्याशिवाय हे अर्धवट राहील. दोर खुंटीपर्यंत येतो तोच मुळी कप्प्यांतनं, आणि ७४ तोफांच्या एका जहाजाला हजारच्या आसपास कप्प्या लागायच्या, ब्रिटिश नौदलाला वर्षाला लाखभर. हातानं करणार किती? मग १८०२ ते १८०६ च्या दरम्यान पोर्ट्समथला मार्क ब्रुनेलच्या डिझाइनवर हेन्री मॉडस्लीनं मशिनी बनवल्या, एकूण ४५, आणि ११० कारागिरांचं काम १० माणसांवर आलं. १८०८ पर्यंत वर्षाला १,३०,००० कप्प्या. मशिननं एकसारखे पार्ट भराभर काढायचं हे जगातलं अगदी सुरवातीचं मोठं उदाहरण, आपली सोलापूरची जुनी मिल १८७७ ची, म्हंजे तिच्याही ७० वर्षं आधीचं. दोर ओढायच्या लाकडी चाकांपायी हे घडलं हे लोकांना माहीत नसतं.

त्याच काळात मुंबई गोदीत वाडिया घराणं सागवानी जहाजं बांधत होतं. जमशेटजी बोमनजी वाडियांनी बांधलेलं ट्रिंकोमाली १८१७ साली पाण्यात उतरलं आणि आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला जपून ठेवलेलं आहे, अजून तरंगतंय.

किनाऱ्यावरही दोर धरायला खांब लागतातच, त्यांना बोलार्ड म्हणतात, आणि युरोपात बऱ्याच धक्क्यांवर त्यासाठी निकामी तोफा तोंड वर करून अर्ध्या जमिनीत गाडल्या. आपल्याकडच्या तोफा भुईकोट किल्ल्यांत आडव्या पडून राहिल्या, त्यांना किमान पोरांनी बसायला तरी वापरलं.

१९व्या शतकात वाफेची जहाजं आली, डोलकाठीच्या दोरांच्या जागी तारा आल्या, डेडआयच्या जागी आट्यांचे स्क्रू, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉन वगैरे दोर आले जे भिजून आवळत नाहीत. आताच्या रेसिंग यॉटवर खुंटी दिसणार नाही, दातेरी क्लीट असतं, नाहीतर खटका, तो दाबला की दोर धरला, उचलला की सुटला.

खुंट्या पूर्ण गेल्या मात्र नाहीत. गोवा शिपयार्डनं बांधलेली आयएनएस तरंगिणी ११ नोव्हेंबर १९९७ ला नौदलात आली, तीन डोलकाठ्या, वीस शिडं, आणि नव्या कॅडेटना कुठला दोर कुठल्या खुंटीला हे अजूनही पाठ करावं लागतं. आणि सगळ्यात नवीन म्हंजे कौंडिण्य, अजिंठ्याच्या चित्रातल्या ५व्या शतकातल्या जहाजावरनं बेतलेलं, खिळे न ठोकता काथ्याच्या दोरानं शिवलेलं, २१ मे २०२५ ला कारवारला नौदलात दाखल झालं आणि डिसेंबरात पोरबंदरहून मस्कतला निघालं. त्याला जुना नकाशा कुठलाच नव्हता, चित्रात जहाज दिसतंय पण एवढा बारीक तपशील भिंतीवरच्या चित्रातनं कुठं कळणार, त्यामुळं चौकोनी शिडं, परबाणं, वल्ह्याचं सुकाणू, दोरांची वाट, सगळं करणाऱ्यांना आपलं आपणच जुळवावं लागलं.