फोनमधला पत्ते बदलणारा कारकून

“हॉटस्पॉट लावला की डेटा दुप्पट जातो. एकदा फोनचा, एकदा लॅपटॉपचा.” हे मी इतक्या वेळा ऐकलंय, आणि तेही चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांकडून, की एकदाचं लिहूनच टाकतो. जात नाही. मोबाईल कंपनी मोजते ती टॉवर आणि फोन यांच्यामधली ये-जा. फोनपासून लॅपटॉपपर्यंतचा टप्पा कंपनीच्या मीटरवर येतच नाही.

मग डेटा भुर्रकन उडतो का? कारण लॅपटॉपला वाटतं की आपण वायफायवर आहोत, म्हणजे चंगळ आहे. तो गुपचूप अपडेट उतरवायला घेतो, फोटोंचा बॅकअप चढवतो, व्हिडिओ मोठ्या स्क्रीनच्या दर्जाने मागवतो. विंडोजमध्ये त्या नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘मीटर्ड’ एवढं चालू केलं, तर त्यातलं बरंचसं थांबतं.

जोडायचे मार्ग तीन. वायफाय हॉटस्पॉट सोयीचा, पण बॅटरी खातो आणि फोन तापवतो, कारण टॉवरशी बोलणारा आणि लॅपटॉपशी बोलणारा असे दोन रेडिओ एकाच वेळी राबत असतात. यूएसबी केबल सगळ्यात भरवशाची, आणि फोन चार्जही होत राहतो. ब्लूटूथचा वेग जेमतेम दोनेक मेगाबिट. मेल बघण्यापुरता ठीक.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. जीपीआरएस या जुन्या मोबाईल इंटरनेटच्या काळात फोन केबलने कॉम्प्युटरला जोडून *९९# डायल करावं लागे. तेव्हा फोन हा निव्वळ मोडेम होता. नेटवर्ककडून मिळालेला आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवर यंत्र ओळखायचा आकडा, थेट कॉम्प्युटरला जायचा, फोन मधल्या मध्ये हमाली करायचा. आजचा फोन हमाल नाही, राउटर आहे, म्हणजे दोन नेटवर्कांमध्ये टपाल पुढे धाडणारं यंत्र. नेटवर्कने दिलेला पत्ता तो स्वतःकडे ठेवतो आणि लॅपटॉपला एक खाजगी पत्ता देतो, समजा १९२.१६८.४३.१७. हा पत्ता बाहेरच्या जगात चालत नाही. या घडीला असंख्य यंत्रं अगदी हाच पत्ता लावून बसलेली असतील.

ही वेळ आली टंचाईमुळे. जुन्या पद्धतीचा आयपी पत्ता ३२ बिटांचा (बिट म्हणजे ० किंवा १), म्हणजे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातले शेवटचे पाच मोठे गठ्ठे वाटून संपले. टंचाई येणार हे आधीच दिसत होतं, म्हणून १९९४ साली एगेवांग आणि फ्रान्सिस यांनी पत्ते बदलण्याची एक युक्ती मांडली. तिचं नाव ‘नॅट’. मांडली होती तात्पुरती मलमपट्टी म्हणून. आज निम्मं जग त्या पट्टीवर उभं आहे.

फोनमध्ये हीच युक्ती चालवणारा प्रोग्रॅम म्हणजे आपला कारकून. आता त्याच्याकडे बघा. लॅपटॉपकडून एक पॅकेट, म्हणजे डेटाचं छोटं पाकीट, येतं. पाकिटावर लिहिलेलं असतं: पाठवणार १९२.१६८.४३.१७, पोर्ट ५१५१४ (पोर्ट म्हणजे त्या यंत्रातला खिडकी क्रमांक). कारकून पाठवणाऱ्याचा पत्ता खोडतो आणि तिथे फोनचा स्वतःचा पत्ता लिहितो, समजा १०.४५.६.७. आणि वहीत नोंद करतो की ५१५१४ वर उत्तर आलं तर ते लॅपटॉपचं. त्याच क्षणी टॅबलेटनेही नेमका तोच पोर्ट वापरून त्याच सर्व्हरकडे पॅकेट धाडलं, तर कारकून त्याला दुसरा आकडा देतो. पोर्टचा आकडा १६ बिटांचा, म्हणजे शिल्लक भरपूर. उत्तर आलं की वही उघडायची, पत्ता उलटा बदलायचा, लॅपटॉपकडे धाडायचं. पाकिटातलं पत्र तो वाचत नाही. ते बहुतेक वेळा कुलूपबंदच असतं.

एवढ्यावर भागत नाही, आणि इथेच मला खरी मजा येते. पत्र वाटेत बिघडलं का ते कळावं म्हणून त्यावर एक ताळा असतो. पत्ते, पोर्ट, मजकूर या सगळ्याचे १६-१६ बिटांचे तुकडे करून बेरीज घेतात, बेरीज ६५,५३५ च्या वर गेली की हातचा परत खाली मिळवतात, आणि शेवटी सगळे बिट उलटे करतात. पत्ता बदलला की ताळा चुकणार. मग दर पॅकेटमागे सगळा मजकूर नव्याने बेरजेला घ्यायचा? नाही. जुन्या पत्त्याचे दोन तुकडे ४९,३२० आणि ११,०२५, बेरीज ६०,३४५. नव्याचे २,६०५ आणि १,५४३, बेरीज ४,१४८. फरक ५६,१९७. मूळ बेरजेतून तेवढे वजा केले (वजाबाकीही त्याच हातच्याच्या नियमाने) की ताळा दुरुस्त! मजकुराला हातही लावावा लागत नाही. व्हिडिओ चालू असताना हे सेकंदाला शेकडो वेळा घडतं. आकड्यांत हरवला असाल तर हरकत नाही, कारकून हरवत नाही.

हे एकदा कळलं की ‘हॉटस्पॉट बूस्टर’ ॲपची जाहिरात बघून हसू येतं. टॉवरकडून जेवढं येतं त्यात ॲप कुठून भर घालणार? तसंच फोनच्या पाठीवर चिकटवायच्या ‘रेडिएशनरोधक’ चकत्यांचं. चकतीने लहरी खरंच अडवल्या तर फोन टॉवरपर्यंत पोहोचायला आणखी जोर लावेल. नेट आधीसारखंच चालत असेल, तर चकती काही करत नाही एवढंच.

वहीत नोंद नसलेलं, बाहेरून आपणहून आलेलं पॅकेट मात्र कारकून टाकून देतो. म्हणून लॅपटॉपवर गेमचा सर्व्हर लावून मित्राला बोलावलंत, तर तो बाहेरच ताटकळतो. त्यात १०.४५.६.७ हाही खाजगीच पत्ता. म्हणजे मोबाईल कंपनीकडे असाच आणखी एक कारकून बसलेला असतो, हजारो फोनांची वही घेऊन.

कारकून एक खूणही मागे सोडतो. प्रत्येक पॅकेटवर आयुष्याचा एक आकडा असतो, आणि दर राउटरपाशी तो एकाने घटतो. विंडोज १२८ पासून सुरू करतं, अँड्रॉइड ६४ पासून. तेव्हा फोनमधून १२७ किंवा ६३ आकड्याचं पॅकेट निघालं, की मागे कोणीतरी दडलंय हे कंपनी ओळखू शकते.

हाच आकडा मुद्दाम १ ठेवून धाडला, तर पॅकेट पहिल्याच राउटरपाशी मरतं आणि तो राउटर ‘मेलं’ असं उलट टपाली कळवतो. विंडोजमधली ट्रेसर्ट ही आज्ञा नेमकं हेच करते. हॉटस्पॉटवर असताना एकदा चालवून बघा. पहिल्या ओळीत जो पत्ता उमटेल, तो तुमच्या शेजारी टेबलावर तापत पडलेल्या फोनचा.